चारशे मिलिसेकंदांची ठेच

"आईनं चहात दोन चमचे साखर आणि मूठभर खिळे टाकले."

डॉ. अन्वर बागवान हे इतक्या साध्या आवाजात म्हणाले, की मुख्याध्यापक गुरव सरांच्या हातातला कप ओठांपर्यंत जाता जाता थांबला.

"खिळे?"

"लागली! बघा, लागली ठेच!" बागवान खुर्चीतून अर्धे उठले. टेबलावरच्या पडद्यावर एक हिरवी रेघ इतका वेळ शांतपणे सरकत होती. तिच्यात आता एक छोटासा खड्डा पडला होता.

गुरव सरांच्या डोक्यावर हनुवटीखाली बंद बांधलेली निळी कापडी टोपी होती. पंचावन्न वर्षांचा तो करडा माणूस पाचवीच्या पूजेतल्या बाळासारखा दिसत होता. दाराशी वह्यांचा गठ्ठा घेऊन उभ्या असलेल्या तृप्ती हत्तुरे मॅडमना हसू आवरेना. सोलापूरच्या पूर्व भागातल्या या शाळेत त्या दुसरीच्या वर्गाला इंग्रजी शिकवत. सही घ्यायला आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

"मॅडम, तुम्हीही या की," बागवान म्हणाले. ते इथलेच, विजापूर वेशीजवळ वाढलेले. परदेशात मेंदूवर संशोधन करून परत आले होते आणि आता एक वर्ग शोधत होते. "ऐकताना मेंदू नुसता बसून राहत नाही. पुढचा शब्द कोणता येणार, याचा अंदाज तो आधीच बांधत असतो. 'चहात दोन चमचे' म्हटलं की त्यानं साखरेला पाट मांडलेला असतो. त्या पाटावर खिळे येऊन बसले की त्याला ठेच लागते. शब्द कानावर पडल्यापासून साधारण चारशे मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवते तेवढ्यात, डोक्यावरचा विद्युत दाब किंचित घसरतो. किती? भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलचे तीन लाख तुकडे करा, त्यातला एक."

"आणि ते ही टोपी पकडते?" तृप्तीनं विचारलं.

"पकडते. पण खरी गंमत पुढे आहे. वाक्य समजलं तरच ठेच लागते. हेच मी जपानीत म्हणालो असतो, तर सरांची रेघ मख्ख राहिली असती. ऐकणाऱ्यानं एक शब्द बोलायची गरज नाही. हात वर करायचा नाही, काही लिहायचं नाही. समजलं की नाही, ते रेघ सांगते."

ठेच शास्त्रज्ञांच्या ओळखीची होऊन अर्धं शतक उलटून गेलं होतं. पण ती पकडायला डोक्याला चिकट मलम फासून तारा लावाव्या लागत, शंभर-दीडशे वाक्यं ऐकवून सरासरी काढावी लागे. सात वर्षांचं मूल तेवढ्या वेळात खुर्चीसकट उलटं झालं असतं. बागवानांनी वीज वाहून नेणारा धागा सुताबरोबर विणून मऊ टोपी केली होती. शिवाय मान हलली, खोकला आला, डोळे मिचकावले, तरी त्या गोंधळातून एकटी ठेच वेगळी काढणारी आज्ञावली त्यांनी लिहिली होती. वीस वाक्यं पुरत, दहा सरळ आणि दहा वाकडी.

तृप्तीच्या डोक्यात त्या क्षणी एकच नाव आलं. सहस्रा.

सहस्रा येमूल. पहिल्या बाकावर खिडकीच्या बाजूला बसणारी, दोन घट्ट वेण्या घालणारी. तिच्या घरात तेलुगू बोलत. वर्गातल्या छत्तीस मुलांपैकी निम्म्यांच्या घरी तेलुगू होती. उरलेल्यांत कुणाकडे कानडी, कुणाकडे दखनी, सात-आठ जणांकडे मराठी. शाळा मात्र तीन वर्षांपूर्वी इंग्रजी माध्यमाची झाली होती. प्रत्येक मुलाला एक टॅब मिळाला होता. मूल इंग्रजीत बोललं की टॅब उच्चार तपासून गुण देई.

सहस्रानं चौदा महिन्यांत इंग्रजीत तोंड उघडलं नव्हतं. टॅबसमोर बसवलं की ती त्याच्या काचेत स्वतःचा चेहरा बघत राही. फेब्रुवारीअखेर बोलण्याची परीक्षा होती. चाळीसच्या खाली गुण पडलेली मुलं रस्त्यापलीकडच्या जुन्या इमारतीत जाणार होती, 'पूर्वतयारी वर्गा'त. तिथून इकडे परत आलेलं मूल अजून कुणी पाहिलं नव्हतं. तृप्तीनं दिवाळीच्या आधीच तिच्या प्रगतीपत्रकावर लिहून टाकलं होतं, आकलन कमी.

"डॉक्टर," तृप्ती म्हणाली, "माझा वर्ग घ्या."

दुसऱ्या दिवशी टोपीचं बारसं मुलांनीच केलं. त्यांनी तिला टोपडं म्हणायला सुरुवात केली आणि बागवानांनीही तो शब्द उचलला. पहिला मान अर्थातच आरुष ठोंबरेचा. टॅबवर ब्याण्णव गुण, स्नेहसंमेलनात इंग्रजी भाषण, पाहुणे आले की त्यालाच उभं करायचं. तृप्ती यादीतली वाक्यं वाचू लागली.

"द बॉय इज ईटिंग अ बनाना."

रेघ सरळ.

"द बॉय इज ईटिंग अ विंडो."

रेघ तशीच सरळ.

बागवानांनी टोपीचे बंद तपासले. सगळं ठीक होतं. मुलगा खिडक्या खात होता, गाय आकाशातून पोहत होती, शिक्षिका फळ्यावर झोपत होती. आरुषची रेघ मात्र भर दुपारच्या तलावासारखी पडून होती. वीस वाक्यांत ती दोनदाच हलली.

"छान बसलास हं," तृप्ती त्याला म्हणाली, पण तिची नजर पडद्यावरून हलत नव्हती.

अकरावी सहस्रा आली. बंद बांधताना तिनं डोळे मिटून घेतले. तृप्तीनं आवाज शक्य तितका मऊ ठेवला.

"द बॉय इज ईटिंग अ बनाना." सरळ.

"द बॉय इज ईटिंग अ विंडो."

खड्डा. असा खोल, की बागवान पडद्याजवळ सरकले.

"पुढचं वाचा," ते कुजबुजले.

गाय आकाशातून पोहली, खड्डा पडला. शिक्षिका फळ्यावर झोपली, खड्डा पडला आणि सहस्राच्या मिटल्या ओठांचा कोपराही थरथरला. तिला हसू येत होतं! सरळ वाक्यांना रेघ शांत, वाकड्याला बरोबर ठेच. विसावं वाक्य संपताच तृप्ती बागवानांकडे वळली.

"दहापैकी नऊ," बागवान म्हणाले. "मॅडम, माझ्या स्वतःच्या पुतणीचे सात आले होते. ती तर नाशिकच्या मोठ्या शाळेत जाते!"

"कोणतं चुकलं?"

"सतरावं. 'द मॅन इज सोइंग अ टॉवेल.' माणूस टॉवेल शिवतोय. इथे ठेच लागायला हवी होती. शर्ट शिवतात, टॉवेल कोण शिवतं?"

तृप्ती एकदम मोठ्यानं हसली. इतकी, की अख्खा वर्ग वळून बघू लागला. "डॉक्टर, सोलापूरचे ना तुम्ही? तिचे आईवडील दोघंही टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवतात! तिच्या घरात माणूस टॉवेलच शिवतो. वाकडं वाक्य तिला लागलं नाही, कारण ते तिच्यासाठी वाकडं नव्हतंच. यादी चुकली, पोरगी नाही!"

बागवानांनी कपाळावर हात मारला आणि सतराव्या वाक्यावर काट मारली.

मधल्या सुट्टीत तृप्ती कार्यालयात धावत गेली, प्रगतीपत्रक काढलं आणि 'आकलन कमी' या आपल्याच अक्षराकडे बघत उभी राहिली. चौदा महिने पोरीला सगळं समजत होतं. "बिचारीला जमत नाही," असं तृप्ती सहकारी बाईंना वर्गातच इंग्रजीत म्हणाली होती. तेही तिला समजलं असणार.

संध्याकाळी सहस्राची आई पद्मा तिला न्यायला आली. तिच्या साडीला टॉवेलची पांढरी लव चिकटलेली होती. तृप्तीनं तिला फाटकाशीच गाठलं आणि सगळं सांगितलं. पद्मानं आधी विश्वासच ठेवला नाही, मग पदर तोंडाला लावला.

"घरी तर नुसती बडबड करती की ओ मॅडम. तेलुगूत तोंड मिटत नाही बघा."

"मग इथे का बोलत नाही? काही झालं होतं का?"

पद्मा घुटमळली. "पहिलीत झालं की. टॅबवर झेब्रा म्हणायचं होतं. आमच्यात 'जीब्रा' म्हणत्यात. हिनं म्हटलं, ते लाल झालं. परत म्हटलं, परत लाल. अकरा वेळा! पोरं हसायला लागली. त्या दिवसापासून बंद. मला म्हणाली, अम्मा, ते ऐकत नाही, नुसतं पकडतंय."

ते वाक्य तृप्ती घरी घेऊन गेली. भाकरी थापताना, भांडी विसळताना ते तिच्या कानात होतं. ते ऐकत नाही, नुसतं पकडतंय.

पुढचे दोन महिने दुसरीच्या वर्गात जे चाललं होतं, त्याचा आवाज पार गुरव सरांच्या खोलीपर्यंत जाई. तृप्तीनं "माझ्यामागे म्हणा" बंद करून टाकलं. रोज तासाच्या सुरुवातीला ती एक वाकडं वाक्य फेकायची. चित्रं दाखवून, हातवारे करून, गरज पडली तर तेलुगू, कानडी, मराठी, हाताला येईल ती भाषा वापरून आधी सरळ वाक्याचा अर्थ पोचवायचा आणि मग ते वाकडं करायचं. विनोद समजायचा तर वाक्य समजायलाच हवं. न समजता हसणारं मूल टोपडं लगेच दाखवून देई, आणि मग तृप्ती त्या मुलाच्या बाजूला जाऊन बसे. तिनं पद्माकडून वीस-पंचवीस तेलुगू शब्दही शिकून घेतले. तिचे उच्चार ऐकून तेलुगू मुलं पोट धरून हसत. तृप्ती लाल होई आणि परत म्हणे.

आरुषला बाजूला घेऊन तिनं विचारलं, "'विंडो' म्हणजे काय रे?"

त्यानं अख्खा धडा म्हणून दाखवला.

"छान. पण विंडो म्हणजे काय?"

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "त्याला अर्थ पण असतो?"

त्याचे वडील तणतणत आले. ब्याण्णव गुणांचा मुलगा, त्याला मंद ठरवता काय! तृप्तीनं त्यांना खुर्ची दिली आणि त्यांच्यासमोरच आरुषला टोपडं घालून वाक्यं ऐकवली. तोवर जानेवारीचा मध्य आला होता आणि त्याची रेघ दहापैकी पाच वेळा घसरत होती. दर खड्ड्याला तो पडद्याकडे बोट दाखवून ओरडत होता, "बाबा, समजलं! हे पण समजलं!" जाताना वडिलांनी विचारलं, "मला घालून बघू का एकदा?"

सहस्रा मात्र अजून बोलत नव्हती. तिनं स्वतःसाठी एक काम शोधलं होतं. दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर टोपडं असलं की ती पडद्यापाशी उभी राहायची आणि खड्डा पडला की हात वर करायची. कधीकधी बागवानांच्या आज्ञावलीच्या आधी.

मग फेब्रुवारीत वरच्या कार्यालयातून एक बाई आल्या. पाहणी अधिकारी वैजयंती राऊत, पांढरे आखूड केस, झपाझप चाल. बागवानांचा अहवाल त्यांनी दोनदा वाचला होता आणि त्यांच्या डोळ्यांत चमक होती.

"हत्तुरे मॅडम, हे विलक्षण आहे," त्या वर्गाबाहेरच म्हणाल्या. "इथली टॅबची परीक्षा मी यंदाच रद्द करून टाकते, तिच्या जागी टोपी. पुढच्या वर्षीपासून सगळीकडे टोपी. साठ टक्क्यांच्या वर इथे, साठच्या खाली पूर्वतयारी वर्गात. पोपटपंची नाही, वशिला नाही, रडारड नाही. ती येमूल मुलगी दाखवा मला आधी."

बागवानांचा चेहरा उजळला होता. तृप्तीनं मात्र दारातून आत बसलेल्या पोरांकडे पाहिलं. सहस्रा वाचणार होती. आणि आरुष? आणि अजून चार-पाचच खड्ड्यांवर असलेली ती पंधरा पोरं? त्यांना समजायला नुकती सुरुवात झाली होती. ती सगळी रस्त्यापलीकडे.

"मॅडम," ती म्हणाली, "मूल कुठे बसणार ते टोपडं बघून ठरवू नका. उद्या मी काय शिकवायचं, एवढंच त्यानं मला सांगू दे."

"का? टॅबपेक्षा ही परीक्षा खरी नाही?"

"खरी आहे. म्हणूनच भीती वाटते. टॅबसमोर मूल निदान गप्प तरी बसू शकतं. इथे तेही नाही."

राऊत मॅडमनी भुवया उंचावल्या. "मुलगी दाखवा," त्या पुन्हा म्हणाल्या.

वर्गात छत्तीस मुलं हाताची घडी घालून बसली होती. तृप्तीनं टोपडं उचललं आणि सहस्रासमोर गुडघ्यांवर बसली. मुलीनं टोपीकडे पाहिलं, मग त्या अनोळखी बाईंकडे, आणि डोळे घट्ट मिटून घेतले. अगदी पहिल्या दिवसासारखे.

तृप्ती उठली. "ही आज टोपडं घालणार नाही."

"मॅडम!" बागवान तिच्या कानाशी आले. "अहो, तिची जागा जाईल! परीक्षा आठ दिवसांवर आलीय. दहापैकी दहा दाखवेल ती. दोन मिनिटांचं काम आहे."

"मला माहितेय."

"मग?"

तृप्तीनं टोपडं तसंच हातात धरलं. ती राऊत मॅडमकडे वळली. "तुम्ही घालाल का? मुलांना आवडेल."

राऊत मॅडम खळखळून हसल्या, हातातला चहाचा कप टेबलावर ठेवला आणि खाली बसल्या. "घाला. बघू माझं आकलन."

बागवानांनी बंद बांधले. हिरवी रेघ सरकू लागली. तृप्तीनं यादी हातात घेतली, तोंड उघडलं आणि थांबली. पडद्यापाशी सहस्रा येऊन उभी होती, आपल्या नेहमीच्या जागी, हात वर करायच्या तयारीत. डोळे उघडे, लखलखीत.

तृप्तीनं यादी मिटली आणि आपल्या मोडक्या तेलुगूत म्हणाली, "नुव्वु अडुगु." तू विचार.

सहस्रानं तिच्याकडे बघितलं. मग त्या मोठ्या बाईंकडे, ज्यांच्या डोक्यावर आता टोपडं होतं. मग रेघेकडे. कुठल्यातरी बाकावर पट्टी पडली.

"बिग मॅडम," सहस्रा म्हणाली.

चौदा अधिक दोन, सोळा महिन्यांनी आलेला तो आवाज घोगरा होता.

"बिग मॅडम इज... ड्रिंकिंग... हॉट हॉट..." सहस्रानं कपाकडे पाहिलं, राऊत मॅडमच्या तोंडाकडे पाहिलं, आणि अगदी निरागसपणे वाक्य पुरं केलं, "स्कूटर."

रेघ कोसळली. अख्खा पडदा ओलांडून खाली गेली. बागवानांच्या तोंडून शीळ निघाली. राऊत मॅडम आधी दचकल्या, मग अशा हसत सुटल्या, की टोपडं कानावर घसरलं. वर्ग तर फुटलाच. मुलं बाकांवर चढली, आरुष "स्कूटर! हॉट हॉट स्कूटर!" करत गोल फिरू लागला. आणि सहस्रा, दोन्ही हात वर करून, त्या खड्ड्याकडे बघत होती. तो खड्डा तिनं पाडला होता. तिचे शब्द एका माणसाच्या डोक्यात पोचले होते आणि तिथे काहीतरी हललं होतं.

पुढे मार्चमध्ये पत्र आलं. टोपडं शिक्षकांनी वर्गात वापरावं, त्याचे आकडे वर्गाबाहेर जाऊ नयेत आणि दुसरीतलं कुठलंही मूल यंदा हलवू नये. सहस्राला टॅबनं अडतीस दिले. झेब्राला त्यानं पुन्हा लाल केलंच. पण त्या दुपारी यातलं काहीच तृप्तीला ठाऊक नव्हतं. तिच्यासमोर होती ती फक्त एक मुलगी, जी वर्ग शांत होताच राऊत मॅडमच्या आणखी जवळ गेली.

"माय नेम इज सहस्रा," ती म्हणाली, आणि झटकन वळून पडद्याकडे पाहिलं.

रेघ सरळ होती. काहीच झालं नव्हतं. तिचा चेहरा उतरला.

"बेटा, हे सरळ वाक्य आहे ना, म्हणून..." बागवान समजावू लागले. राऊत मॅडमनी हातानंच त्यांना थांबवलं.

"माय नेम इज वैजयंती," त्या म्हणाल्या. "आय ॲम फिफ्टी-फोर. हाऊ ओल्ड आर यू?"

सहस्रानं हळूहळू पडद्याकडे पाठ केली.

"सेव्हन," ती म्हणाली. थोडा विचार केला. "यू हॅव स्कूटर?"

"नो. आय हॅव अ कार."

"व्हाय?"

राऊत मॅडमनी टोपड्याचे बंद सोडले, ते बाजूला ठेवलं, आणि सगळं नीट समजावून सांगण्यासाठी पहिल्या बाकावर तिच्या शेजारी जागा करून घेतली.